नव्वदवर थांबलेला काटा

९ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा आहे. ती जिना चढते आणि चढता चढता मला ओरडतेही. काम तुझ्याकडेच आहे. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू बोलतोस, मी हं हं करते आणि फोन ठेवला की डोक्यात एक अक्षर उरत नाही. लिहिलेलं असेल तरच माझ्या डोक्यात शिरतं. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार!

तर ऐक. मी स्कूबा शिकतेय.

हो, मीच. बादलीत तोंड बुडवायला सांगितलं तर भोकाड पसरणारी. नोव्हेंबरपासून दर रविवारी जाते. आधी तरणतलावात शिकले, आता समुद्रात. ही संस्था वेगळी आहे, तुझे मेहुणेबुवा जायचे ती नव्हे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. सगळे त्यांना मगरबाई म्हणतात, अगदी त्यांच्या तोंडावर. त्यांचं म्हणणं असं की सूट, टाकी, पायातले पंखे सगळं भाड्याचं चालेल, पण टाकीत हवा किती उरली ते दाखवणारं गेज तेवढं स्वतःचं घे.

दुकानात तीन प्रकार दाखवले. एक भलंमोठं, रबराच्या खोक्यात, खोलीमापक आणि होकायंत्रासकट, छोट्या इस्त्रीएवढं. दुसरं तळहातात मावणारं, नुसती एक तबकडी नि एक काटा. तिसरं काट्याशिवायचं, आकडे दाखवणारं, बॅटरीवर चालणारं. मला लहानच हवंय. पण लहान घेताना काय बघायचं? तीस वर्षं गेजं तपासणारा मामेभाऊ घरात असताना दुकानदाराचं मी का ऐकू?

सविस्तर लिही. हात आखडू नकोस.

तुझी टिचकी


१८ जानेवारी

टिचके,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा मला खुर्चीवर बसवून. ती म्हणते, ‘बाईला वेड लागलंय.’ मला मात्र फार बरं वाटलं. मेहुणेबुवा गेल्यावर तू समुद्राकडे जन्मात बघणार नाहीस असं मी धरून चाललो होतो.

आता कामाचं. ती इस्त्री घेऊ नकोस. लोंबकळते, खडकात अडकते, आणि तिच्या एवढ्या पसाऱ्यात हवेचा काटा कुठे ते शोधावं लागतं. बॅटरीवाल्याशी माझं वाकडं आहे. तो माझा म्हाताऱ्याचा हट्ट समज. तळहातातलंच घे. तबकडी पाच सेंटिमीटरची असली तर पुरते, त्याहून लहान असेल तर गढूळ पाण्यात आकडे दिसत नाहीत. अंग पितळेचं, वर मुलामा. प्लॅस्टिकचं हलकं असतं, पण बोटीवर आपटलं की तडकतं. काच जाड हवी. आकडे अंधारात उजळणारे हवेत, आणि पन्नास बार दाबाच्या खालचा पट्टा लाल, ठसठशीत, म्हणजे घाबरलेल्या डोळ्यांनाही दिसतो.

हातात घेतलंस की उलटं कर. मागे एक छोटं बूच असतं. आत गळती झाली तर दाब तिथून बाहेर पडतो आणि काच तोंडावर फुटत नाही. ते रंगाने बुजलेलं नसावं. तरीही टाकी उघडताना काच स्वतःकडे धरायची नाही, कुणाकडेच नाही. नळी गेजला जोडते तिथे ते गोल फिरतं, त्या सांध्यात रबराच्या दोन बारीक कड्या असतात. गेज लहान असो मोठं असो, पहिली गळती तिथेच. दर वर्षी बदल.

आणि काटा. आत एक वाकवलेली पितळी नळी असते. हवेचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि दात्यांच्या छोट्या चाकावरून काट्याला ओढते. एवढीच सगळी करामत. खारं पाणी आत झिरपलं तर चाकाच्या दात्यांवर गंज चढतो आणि काटा उतरताना मध्येच अडतो. म्हणून दुकानात टाकी लावायला सांग, पूर्ण उघड, मग बंद करून हवा हळूहळू सोड. काटा लोण्यातून सुरी जावी तसा शून्यापर्यंत आला पाहिजे. कुठे थबकला, झटका मारला, तर ते गेज तिथेच ठेवून ये.

मेहुणेबुवांचं जे झालं ते मनात आणू नकोस. ते गेजमुळे नव्हतं. त्यांना सगळ्याच गोष्टींची घाई असायची, काट्याकडे लक्ष राहिलं नाही. मी तुला तेव्हाही हेच म्हटलं होतं. तू तशी नाहीस, तू स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीस.

आत्याला नमस्कार.

तुझा दादा


४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

घेतलं! पाच सेंटिमीटर, पितळी, लाल पट्टा. तुझं पत्र हातात धरूनच दुकानात उभी होते. हवा सोडायला सांगितली तेव्हा दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण मगरबाई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, त्यामुळे बिचाऱ्याने सोडली. पहिलं गेज साठवर थबकलं. चक्क! दुसरं नीट उतरलं, ते आणलं.

आता एक शंका. दोन्ही गेजांबरोबर तपासणीचा दाखला होता, सहीशिक्क्याचा. थबकलेल्यालाही होता! मग त्या कागदाचा उपयोग काय? दाखल्यावर सही करण्याआधी तुम्ही लोक नक्की काय करता? सगळी तपासता, की दहातलं एखादं? मगरबाईंना हे आमच्या संस्थेच्या फलकावर लावायचंय, म्हणून नीट लिहून पाठव.

आणखी एक किरकोळ काम. आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ठरतंय. डॉक्टरांच्या अर्जात पहिल्या ऑपरेशनची तारीख विचारलीय आणि आमच्याकडचा कागद सापडत नाही. तू त्या दिवशी इथे होतास. आठवते का?

टिचकी


१३ फेब्रुवारी

टिचके,

न आठवायला काय झालं? बावीस सप्टेंबर, गुरुवार. आदल्या दिवशी तुझा फोन आला, संध्याकाळच्या बसने निघालो, अकरा तास बसून पाठीचे टाके ढिले झाले. सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपण दोघं त्या हिरव्या भिंतींच्या व्हरांड्यात होतो. मेहुणेबुवा डबा घेऊन आले आणि चमचे विसरले. आत्या शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? ‘याला जेवायला घातलंत का?’ अर्जात बिनधास्त लिही तारीख.

दाखल्याचं विचारलंस ते चांगलं केलंस. दुसऱ्यांचं मला माहीत नाही, माझं सांगतो. प्रत्येक गेज मी स्वतः बाकावर लावतो. शेजारी आमचं प्रमाण गेज. पन्नास-पन्नासच्या टप्प्याने तीनशेपर्यंत चढवतो, तसंच खाली आणतो, उतरताना बोटाने हलकी टिचकी मारून बघतो. काटा टिचकीने हलला, म्हणजे कुठेतरी अडतोय. असं गेज बाजूला. बारा मिनिटं लागतात एकाला. दहातलं एखादं वगैरे माझ्याकडे नाही. हात लावल्याशिवाय माझी सही नाही आणि माझ्या सहीशिवाय वर्कशॉपमधून एक गेज बाहेर जात नाही. मगरबाईंना हे खुशाल फलकावर लावू दे, खाली माझं नाव घालून.

तुझा दादा


७ मार्च

दादा,

तुझी दोन्ही पत्रं चौकशी कार्यालयात दिली आहेत. मूळ प्रती. माझ्याकडे नकला आहेत.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको.

ऑक्टोबरमध्ये मी त्याच्या चौकशीच्या फायलीची नक्कल मागवली. दीड वर्ष हिंमत झाली नव्हती. शेवटच्या पानावरचं वाक्य मला पाठ आहे: ‘मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, इतकंच. पण माझी सवय तुला माहीत आहे. मी शेवटून वाचत नाही. पहिल्या पानापासून वाचत गेले.

चौदाव्या पानावर त्याच्या जोडीदाराचा जबाब आहे. तो म्हणतो, वर यायच्या सहा मिनिटं आधी मी खुणेने हवा विचारली, त्याने गेज डोळ्यांसमोर धरलं, बघितलं आणि नऊ बोटं दाखवली. नव्वद. दादा, तो बघत होता. दाखवतही होता. टाकी रिकामी होत आली होती आणि काटा नव्वदवर थांबला होता. चौकशी समितीने लिहिलं, जोडीदाराची समजण्यात चूक झाली असावी, कारण गेज नंतर नीट चाललं आणि त्याला दाखला होता. नंतर म्हणजे बोटीवर दोनदा आपटल्यावर.

एकतिसाव्या पानावर तो दाखला. गेज संस्थेचं, भाड्याचं. वर्कशॉप तुझं. सही तुझी. तुझ्या सहीतला तो वेलांटीचा फटकारा मी लहानपणी वहीत गिरवायचे, मला दुसऱ्या कुणाची वाटणार आहे का? आणि तारीख: बावीस सप्टेंबर.

बावीस सप्टेंबरला सकाळपासून तू माझ्याशेजारी बाकावर बसला होतास.

चुकीच्या तारखा शोधणं हे माझं पोट आहे. त्या पानावर मी किती वेळ बसले मला माहीत नाही. मग उठले आणि स्कूबाच्या वर्गात नाव घातलं. मला बघायचं होतं की खाली माणूस काट्याकडे बघायचं विसरू शकतो का. अठरा मीटरवर गेले. तिथे आपल्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. दर चौथ्या-पाचव्या श्वासाला हात आपोआप गेजकडे जातो. जो म्हणेल की त्याने बघितलं नसेल, त्याला एकदा खाली नेऊन आणायला हवं.

तू ते म्हणालास. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, माझ्या पाठीवरून हात फिरवत. ‘त्यांना घाईच असायची गं.’ आणि जानेवारीत पुन्हा लिहिलंस, मी मागितलं नसताना.

गेज कुठलं घ्यायचं ते मला मगरबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला तुझं अक्षर हवं होतं. तू हात लावल्याशिवाय सही करत नाहीस, हे तुझ्या अक्षरात. बावीसला तू कुठे होतास, हेही तुझ्या अक्षरात. दोन्ही शेजारी ठेवलं की दाखला खोटा ठरतो. आईचा दुसरा गुडघा ठणठणीत आहे.

तू भरभरून लिहिलंस. आभारी आहे.


१६ मार्च

कार्यालयाचं पत्र आलं. दोन माणसं वर्कशॉपमध्ये येऊन रजिस्टरं घेऊन गेली. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘बहिणीला असं कशाला लिहिलंत?’

मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. एकदा सरळ विचारायचं होतंस. मी खोटं बोललो असतो असं वाटलं का तुला? कपटाने पत्रं लिहून घेतलीस, ‘आई चढता चढता ओरडते’ वगैरे गोड बोलून. तुझी वहिनी दोन दिवस जेवलेली नाही. लेकीच्या सासरी काय सांगू? कार्यालयाला लिही की रागाच्या भरात दिलं, पत्रं परत घे. बाकी आपण घरात बसून बोलू.


२१ मार्च

घरात बसून आपण एकदा बोललो आहोत. ओट्याला टेकून.

सरळ विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास का? सरळ सांग. त्या सहीचं तुला कधी कळलं?


२ जून

टिचके,

तुझ्या प्रश्नाला अडीच महिने लागले. चारदा लिहून फाडलं.

मला मेहुणेबुवा गेल्यानंतर अकराव्या दिवशी कळलं. संस्थेचं नाव ऐकून मी जावकीचं रजिस्टर उघडलं. आमच्याकडून गेलेलं खोकं होतं, चाळीस गेजांचं.

आत्याच्या ऑपरेशनचा तुझा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तू रडत होतीस. बस साडेपाचला. खोकं दुसऱ्या दिवशी द्यायचं कबूल केलेलं. मालक म्हणाले, कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून जा, आकडे आणि तारीख मी भरतो, मालाला काय झालंय. मी उभ्याउभ्या चाळीस दाखल्यांवर आणि त्यांच्या पिवळ्या लेबलांवर सह्या केल्या. एकाही गेजला हात लावला नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो.

तुझ्याकडे आलो तेव्हा सांगायचं ठरवूनच आलो होतो. दारात तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, ‘तू आलास, आता मला भीती नाही.’ त्यानंतर तोंडातून जे निघालं ते घाईचं निघालं. एकदा ते बोललो आणि मग तेच खरं मानून राहायला लागलो. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, देवाने सोडवलं, ती विसरली. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. तुझं गेज तरी चांगलं निघावं म्हणून.

सरळ विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो. हो.

मार्चअखेर मी कार्यालयात जाऊन हेच सांगून आलो. सही करायचा परवाना गेला, वर्कशॉपही. मालक म्हणतात त्यांना कोऱ्या दाखल्यांचं काही माहीत नाही. तो त्यांचा नि कार्यालयाचा मामला.

एप्रिलपासून मी ती चाळीस गेजं शोधतोय. खोक्यातली सगळी एका ठिकाणी राहिली नाहीत. संस्थेने काही विकली, काही दुसऱ्या संस्थांना दिली. हातपंप आणि माझं स्वतःचं प्रमाण गेज पिशवीत घालून बसने जातो. कुणी आत घेतात. एका ठिकाणी मी कोण ते सांगितल्यावर कुलूप दाखवलं, तिथे फाटकाबाहेर दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी त्यांनीच गेजं आणून दिली. कार्यालयात जमा असलेलं मेहुणेबुवांचं धरून आजवर तेहतीस सापडली. बाकीच्यांतली तीन अडतात. एक शंभरावर, एक सत्तरवर, एक एकशेवीसवर. तिन्ही वापरात होती. मी त्यांच्यासमोर काचा फोडल्या.

सात राहिली. ती सापडली की एकदा येऊन आत्याला भेटू का?

दादा


२९ जून

दादा,

कार्यालयाचा कागद परवा आला. ‘मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ हे वाक्य काढलं. त्या जागी ‘सदोष उपकरण व खोटा तपासणी दाखला’ असं आहे. मी ते चार वेळा तपासलं. एकही चूक नाही. मला वाटलं होतं हे वाचल्यावर छाती मोकळी होईल. झाली, साधारण चहा होईपर्यंत.

आईला मी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती म्हणाली, ‘त्या दिवशी त्याला बोलावलं कुणासाठी? माझ्या गुडघ्यासाठी ना?’ आता जिना चढताना ती ओरडत नाही. हेही तुझ्या खात्यावर मांडलंय. माझ्याही मनात तेच येतं, की फोन मी केला होता, मी रडले होते. तू ते कारण म्हणून सांगितलं नाहीस हे बरं केलंस. सांगितलं असतंस तर हे पत्र आलं नसतं.

येऊ नकोस. ती बोलावेल तेव्हा बघू. मी बोलावणार नाही.

गेल्या रविवारी मगरबाईंनी आम्हाला पलीकडच्या बेटावर नेलं. तिथल्या संस्थेची एक बाई सूट चढवून बोटीच्या काठावर बसली होती, पाय पाण्यात. तिच्या गेजला ते पिवळं लेबल होतं, तुझ्या वर्कशॉपचं, आणि त्यावर तोच फटकारा, तीच बावीस सप्टेंबर. मी धावत जाऊन तिचा पट्टा धरला. ती ओरडायला लागली, तिचा नवरा ओरडायला लागला. मी म्हटलं, हे गेज घेऊन तुम्ही पाण्यात जाणार नाही, मला ढकलून द्या हवं तर. शेवटी मगरबाईंनी मध्ये पडून टाकी बंद केली आणि मी तुझ्या पत्रात लिहिल्यासारखी हवा सोडली. सगळे डोकावून बघत होते. एकशेऐंशी. दीडशे. शंभर. नव्वद. काटा थांबला नाही. ऐंशी, पन्नास, लाल पट्टा, शून्य. लोण्यातून सुरी.

गेज चांगलं होतं. मी ते तिच्या हातात परत दिलं आणि बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन खूप रडले. तिचं चांगलं निघालं म्हणून नाही. चाळीसांतलं हेही चांगलं होतं आणि ते त्याच्या वाट्याला आलं नाही म्हणून. त्या अनोळखी बाईचासुद्धा मला राग आला. तुझा तर येतोच आहे. तो कमी होईल अशी वाट बघू नकोस, मीही बघत नाही.

लेबल मी काढून घेतलंय. तुझ्या यादीत त्या गेजवर काट मार.

सहा उरली. चालायला लाग.